उघड्या बंदुकीचा नाखवा

नाखव्याची बंदूक मिटलेली मी फार थोडा वेळ पाहिली. एकोणीस वर्षं त्यांच्या शेतावर काढली, पण ती सगळी मिटलेली वेळ एकत्र केली तरी तेवढ्यात पातेलंभर चहा उकळला नसता. बाकी सगळा वेळ ती दुनळी बंदूक मधोमध मोडून, नळ्या जमिनीकडे लोंबत, त्यांच्या डाव्या हातावर पडलेली असायची. आपण नदीवरून येताना ओला पंचा टाकतो, तशी.

पहिल्या दिवशी मला वाटलं, बंदूक बिघडलेली आहे. मी पंपावरचा मिस्त्री. बिघडलेलं काही दिसलं की माझा हात तिकडे जातो. म्हटलं, "अर्बाब, ह्याचं बिजागर गेलंय. द्या इकडे, करून देतो." त्यांनी बंदूक उचलून दुसऱ्या हातावर घेतली, म्हणजे माझ्यापासून लांबच्या. म्हणाले, "बिजागराला काही झालेलं नाही. बिघडतात ती माणसं." हे ते माझ्याकडे बघूनच म्हणाले. मला ते आवडलं नाही आणि मी ते विसरलोही नाही.

शेत ओमानमधल्या सूर गावापासून आत, गाडीने तासाभरावर. खजुरी, लिंबं, आणि मधे गुरांसाठी लसूणघासाचा मोठा तुकडा. मालकाला सगळे अर्बाब म्हणायचे. मीही तोंडावर अर्बाबच म्हणायचो, पण मनात त्यांचं नाव नाखवा. तरुणपणी ते सूरच्या गलबतावर नाखवा होते, खजूर घेऊन मुंबईपर्यंत यायचे. त्यांची हिंदी भाऊच्या धक्क्यावर शिकलेली, त्यामुळे तिच्यात शिव्या जास्त आणि क्रियापदं कमी. एकदा वारा पडला म्हणून आठ दिवस रत्नागिरीला अडकले होते. तेवढ्या ओळखीवर मला सांगायचे, "तुमच्याकडचे लोक चांगले. पण ऐकत नाहीत." आमचं बोलणं हिंदी, अरबी आणि हातवारे असं मिळून चालायचं. मी इथे ते मराठीत लिहितोय, कारण मला तेवढंच लिहिता येतं. चौथी शिकलोय.

आता सशांचं. ओमानच्या रानातले ससे वेगळे, त्यांना मारायला बंदी आहे आणि नाखवा त्यांच्या वाटेला जात नव्हते. आमचे ससे बाजारातले. त्यांची नात नूरा मस्कतला राहायची, शुक्रवारी यायची. तिच्यासाठी त्यांनी सूरच्या बाजारातून सहा पांढरे ससे आणले आणि पिंजऱ्यात ठेवले. दुसऱ्या शुक्रवारी नूराने त्यांना मोकळी हवा मिळावी म्हणून पिंजरा उघडला. वर्षभरात हवेत किती ससे झाले ते कोणी मोजू शकलं नाही. लसूणघास खाल्लाच, पण त्याहून वाईट म्हणजे पाटाच्या बांधात बिळं केली. पाणी सोडलं की ते लिंबांना जायच्या ऐवजी सशांच्या घरात जायचं आणि ससे दुसऱ्या दाराने बाहेर यायचे. जाळी लावली, तिच्याखालून गेले. सापळे लावले, त्यांत मांजर सापडलं. शेवटी नाखव्याने बंदूक काढली. परवाना त्यांच्या एकट्याच्या नावाचा. आमच्यासारख्या बाहेरच्यांनी बंदुकीला बोट लावायचं नाही, असा तिकडचा कायदा, आणि त्यांनी तो एकोणीस वर्षं मला दर महिन्याला एकदा सांगितला.

बंदूक लोखंडी पेटीत, पेटीची किल्ली त्यांच्या दिशदाशाच्या, म्हणजे पायघोळ झग्याच्या, खिशात. काडतुसं वेगळ्या खोलीत, बिस्किटांच्या डब्यात, त्या खोलीची किल्ली त्यांच्या बायकोकडे. मी विचारलं, हा काय प्रकार? म्हणाले, "बंदूक एकट्या माणसाच्या हातात द्यायची नसते. माझं डोकं फिरलेलं असेल तर तिला कळतं, ती किल्ली देत नाही." आणि खरंच द्यायची नाही. नवराबायकोचं भांडण झालं की त्या आठवड्यात सशांची ईद. शुक्रवारी तर बंदूक निघायचीच नाही, कारण नूरा प्रत्येक सशाला नावाने ओळखायची.

मला हे सगळं थोतांड वाटायचं, आणि मला तसं वाटायचा अधिकार होता. आमच्या घरात तीन पिढ्या बंदूक. आजोबांची ठासणीची, शेताच्या राखणीसाठी, रानडुकरांवर. ठासणीची बंदूक भरायला वेळ लागतो. दारू, चिंध्या, छर्रे, मग गज घालून ठोकायचं. तोवर डुक्कर पुढच्या गावात पोचतं. म्हणून ती संध्याकाळीच भरून ठेवायची आणि बार काढल्याशिवाय ती रिकामी होत नाही. आमच्याकडे भरलेली बंदूक खुंटीला असायची आणि तिच्याखाली आम्ही जेवायचो. मी नाखव्याला म्हटलं, "अर्बाब, रिकाम्या बंदुकीला आमच्यात काठी म्हणतात."

त्यांनी शांतपणे विचारलं, "तुझ्या आजोबांना बोटं किती होती?"

मी खोटं बोलत नाही. म्हटलं, "साडेआठ."

ते खजूर खात राहिले.

बंदूक काढायची ती आठवड्यातून एकदा, बुधवारी, सूर्य कलल्यावर. पण त्याच्या आधी कॉफी. हा त्यांचा स्वतःचा रिवाज, दुसऱ्या कुठल्याही शेतावर मी तो पाहिला नाही. पंपाच्या खोलीपुढे चटई टाकायची, मधे पितळी ताट, ताटात पाच फिंजान. फिंजान म्हणजे बिनकानाचा एवढासा कप. आम्ही पाच माणसं. मी, चितगावचा रफीक, खजुरीवर चढणारा हमद आणि घास कापणारे दोघे बलुची भाऊ. नाखवा स्वतः कॉफी ओतायचे. ज्याची पिऊन झाली त्याने आपला कप ताटात उपडा ठेवायचा. पाचही कप उपडे झाले म्हणजे पाचही माणसं डोळ्यांपुढे आहेत, शेतात कोणी नाही. मग सगळ्यांनी चटईवरच बसून राहायचं आणि ते एकटे काडतुसांचा डबा घेऊन निघायचे. एक जरी कप सुलटा राहिला तरी डबा उघडायचा नाही.

एकदा हमद दाढ दुखते म्हणून कोणाला न सांगता सूरला निघून गेला. नाखवा त्याच्या कपापुढे सूर्य मावळेपर्यंत बसले. लसूणघासात दहाबारा ससे निवांत चरत होते, आमच्याकडे बघतसुद्धा होते. मी म्हटलं, "अर्बाब, हमद खजुरीवर नाही, मी बघून आलो. पाटात नाही, मोटारीत नाही. अजून कुठे असणार?" ते म्हणाले, "जिथे आपण बघितलं नाही तिथे." कॉफी ओतून टाकली आणि घरी गेले. मी रफीकला म्हटलं, हा माणूस एवढ्या सावधगिरीने गलबत चालवत असेल तर ते अजून मुंबईला पोचलेलं नसणार. रफीक हसला. नंतर त्याने हे नाखव्याला सांगितलंही. तेही हसले आणि म्हणाले, "उशिरा पोचायचं. पण जेवढी माणसं घेऊन निघायचं तेवढी घेऊन."

त्यांची बसायची जागा ठरलेली, पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर. तिथून लसूणघास खाली दिसतो आणि त्याच्या पलीकडे पुरुषभर उंच मातीचा बांध. बार काढायचा तो फक्त त्या बांधाच्या बाजूला, खालच्या अंगाला. छर्रे चुकले तर मातीत जातील. डावीकडे खजुरी, तिकडे नाही. उजवीकडे दगडी कुंपण, तिकडे तर अजिबात नाही, दगडावरून छर्रा परत येतो आणि तो कोणाचा हे विचारत नाही. सूर्य डोळ्यांवर असला तर नाही. नुसतं गवत हललं तर नाही. म्हणायचे, "हललं ते गवत. ससा दिसला तरच ससा." ससा दिसला, मागे माती आहे हे बघितलं, मग दोन्ही नळ्यांत काडतुसं घालायची, बंदूक मिटायची, बिस्मिल्ला म्हणायचं आणि एक बार. लगेच पुन्हा उघडायची. मग दोन्ही नळ्यांतून आकाशाकडे बघायचे, आकाश स्वच्छ दिसलं की मगच उठायचे. मेलेला ससा आमच्या चुलीवर यायचा. रस्सा मी करायचो आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती.

टाकीवरून खाली उतरताना वाटेत दोन फुटांचा पाट होता. लहान मूलसुद्धा उडी मारून जाईल असा. नाखवा तिथे थांबायचे, बंदूक रिकामी आहे हे पुन्हा बघायचे, ती पलीकडच्या काठावर आडवी ठेवायचे, मग हात मोकळे करून पाट ओलांडायचे आणि पुन्हा उचलायचे. मी हसलो की म्हणायचे, "सखा, भर समुद्रात बुडालेले मी थोडे बघितले. गलबतावरून धक्क्यावर उतरताना बुडालेले पुष्कळ."

सखा म्हणजे मी. सखाराम एवढं त्यांच्या तोंडात मावत नव्हतं.

आता जे झालं ते सांगतो. ते सांगण्यासाठीच हे लिहायला बसलो. इथे मस्कतच्या घुब्र्याला माझ्या मुलाच्या फ्लॅटमध्ये दुपारी वेळ खूप असतो.

एका मंगळवारी नाखव्यांबरोबर सूरहून एक माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, हातात टेप. त्याने माझ्या पंपाला फेरी मारली, वाकून विहिरीत बघितलं, टेपने मोजलं, कागदावर लिहिलं आणि मान हलवली. मान कशी हलवली ते मी बघितलं. माझ्याशी एक शब्द बोलला नाही. नाखवाही बोलले नाहीत, त्याला गाडीत घालून घेऊन गेले. तो पंप मी तेव्हा अकरा वर्षं चालवत होतो. त्याचा आवाज मी झोपेत ओळखायचो. आणि माझ्यासमोर त्याची नाडी बघायला परका माणूस आणायचा? मी जेवलो नाही. रफीक म्हणाला, "अरे भाई, पूछ तो ले." मी म्हटलं, ज्याने आणला त्याने सांगावं. मी विचारणार नाही.

दुसऱ्या दिवशी बुधवार. कॉफीची हाक आली. मी रफीकला सांगितलं, "मी येत नाही. त्यांच्या हातची कॉफी मला नको. माझा कप तू पी आणि उपडा ठेव."

तो घाबरला. "झूठ बोलने को मत बोल."

"बोलायचं कुठे आहे? प्यायचं आहे."

"और मालिक पूछेगा तो?"

"गावात गेलाय म्हण. तब्येत बरी नाही म्हण. पंपाचा नवीन डॉक्टर आलाय ना, त्याला विचारायला सांग."

रफीक माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, पण माझ्यापुढे त्याचं चालत नसे. कोणाचंच चालत नसे. तो गेला. मी पांढऱ्या बनियनवरच पाना घेतला आणि खजुरीच्या मागून वळसा घालून बांधाकडे गेलो. बांधाच्या पायथ्याशी कोरडा पाट आहे, त्यात एक झडप गळत होती. मी कोणाला न सांगता दुरुस्त केलेली ती नाखव्याने बघावी आणि मनात ओशाळावं, असा माझा बेत. पाटात पोटावर आडवा झालो. पुढे गुडघ्याएवढा लसूणघास. मी कोणाला दिसत नव्हतो, मला कोणी दिसत नव्हतं. रफीकने कप उपडा ठेवला असला तर बंदूक निघणार, आणि ती ह्याच बांधाकडे निघणार, हे मला माहीत नव्हतं असं नाही. अकरा वर्षं बघत होतो. पण रागाच्या भरात माणसाला वाटतं, जग आपल्या रागासाठी थांबलंय.

पुढचं मी ऐकलेलं एवढंच. पाना फिरवत होतो. समोरच्या बाजूला, बऱ्याच लांबून, खट झालं. तो आवाज मी ओळखतो. बंदूक मिटली. मी हललो नाही. खरं सांगायचं तर हलता आलं नाही. मग पुन्हा खट. उघडली. मधे बार नाही.

मग नाखव्याचा आवाज. "घासात कोण आहे?"

मी उत्तर दिलं नाही. हे लिहिताना आजही कान गरम होतात, पण दिलं नाही. कालचा राग होता, त्याच्यावर आता लाज बसली होती. दोन्ही मिळून तोंड दाबून धरलं.

त्यांनी पंपाच्या खोलीकडे तोंड करून एकेकाचं नाव घ्यायला सुरुवात केली. हमद. हो. थोरला बलुची. हो. धाकटा. हो. रफीक. हो. "सखा."

पुन्हा म्हणाले, "सखा." मग रफीकचा रडका आवाज आला, "अर्बाब, उसका कॉफी मैं पी लिया."

मी उठून उभा राहिलो. चिखलाची बनियन, हातात पाना. माझ्या आणि टाकीच्या मधे एक पांढरा ससा बसलेला, तो मला बघून पळाला. नंतर मी पावलं मोजली. टाकीपासून सशाची जागा चोवीस पावलं, सशापासून मी सात. एकाच रेषेत.

नाखवा कट्ट्यावरून उतरले. पाटापाशी आले, बंदूक पलीकडे ठेवली, पाट ओलांडला, उचलली. त्या वेळीसुद्धा. माझ्यापर्यंत आले आणि बांधावर खाली बसले. रिकाम्या नळ्यांतून त्यांनी आकाश बघितलं, मग पुन्हा एकदा बघितलं. मी वाट बघत होतो की शिव्या देतील, मग मीही बोलेन. ते म्हणाले, "ससा माझ्याकडे तोंड करून बसला होता. मागे माती. सगळं बरोबर. बंदूक मिटली, आणि मग बघितलं, त्याचे दोन्ही कान मागे वळलेले. मी समोर आहे आणि हा ऐकतोय मागचं. मग मागे कोण?"



"पाच कप उपडे होते," ते म्हणाले. "पण सशाचा कपांवर विश्वास नव्हता."

मग त्यांनी खिशातून दोन काडतुसं काढली. नळ्यांतून काढलेली, तीच. म्हणाले, "हात पुढे कर." मी केला. ती माझ्या तळव्यावर ठेवली. "वजन बघून ठेव. ही तुझी होती." मग परत घेतली, कारण ती माझ्याजवळ ठेवायला कायदा नव्हता. लाल, पितळेच्या बुडाची. दोन लिंबांएवढं वजन, जास्त नाही. पण मी पुष्कळ जड पंप उचललेत, त्यांतला एकही आठवणीत नाही.

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, "तो पंप मी दुरुस्त करू शकलो असतो."

"कोणता पंप?"

"कालचा माणूस बघून गेला तो."

"तो दुरुस्तीवाला नव्हता. पंप विकणारा होता. मापं घ्यायला आलेला. नवीन पंप कोणता घ्यायचा ते तुला विचारून ठरवणार होतो."

"मग विचारलं का नाहीत?"

"आज कॉफीला विचारणार होतो," नाखवा म्हणाले. "तू आला नाहीस."

त्यानंतर बंदूक चाळीस दिवस पेटीतून निघाली नाही. सशांनी बांधाची चाळण केली. मला काढून टाकतील म्हणून मी ट्रंक भरून ठेवली होती, विचारायला मात्र गेलो नाही. एक्केचाळिसाव्या दिवशी कॉफीची हाक आली. मी सगळ्यांच्या आधी जाऊन बसलो. नाखवा सगळ्यांसमोर म्हणाले, "चूक माझी. मी कप मोजले, माणसं मोजली नाहीत. कपाला तोंड असतं, पण जीभ नसते." तेव्हापासून नवा रिवाज. कप उपडा ठेवताना प्रत्येकाने त्यांच्या हातात हात देऊन आपलं नाव स्वतःच्या तोंडाने सांगायचं. बाकीच्यांनी एकदा, मी दोनदा. कारण त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आठ वर्षं दर बुधवारी मी सखाराम, सखाराम असं दोनदा म्हणत आलो. शेवटी शेवटी त्यांना सखाराम पुरतं म्हणता यायला लागलं होतं, पण हाक मारायचे सखाच. आणखी एक. शेतात पांढरा कपडा बंद. आम्हाला सगळ्यांना रस्त्यावरच्या कामगारांची नारिंगी बंडी. मी म्हटलं, तुमचा दिशदाशा पांढराच आहे. म्हणाले, "मी बंदुकीच्या मागे असतो."

नवीन पंप मी निवडला. अजून चालतो.

त्यांचा शेवटचा बुधवार मला नीट आठवतो. कॉफी झाली, नावं झाली. कट्ट्यावर जाऊन बसले आणि थोड्या वेळाने मला हाक मारली. नियमाप्रमाणे आम्ही चटई सोडायची नाही, म्हणून मी बसूनच ओ दिली. "इकडे ये," म्हणाले, "बंदूक उघडी आहे." गेलो. घासाकडे बोट करून त्यांनी विचारलं, "ते काय?"

"ससा."

"किती?"

"एक."

"मला दोन दिसतात," ते म्हणाले. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. त्यांनी नळ्यांतून आकाश बघितलं, ते तरी एकच दिसलं असावं, आणि बंदूक हातावर टाकून घरी गेले. ती पेटी पुढे त्यांनी उघडली नाही. ऑपरेशन कर म्हणून मुलगा सांगत होता. म्हणाले, "कॉफी ओतायला जेवढं दिसतं तेवढं पुरे."

मागच्या हिवाळ्याआधीच्या हिवाळ्यात ते गेले. झोपेत गेले. तीन दिवस लोक येत होते, मीही गेलो. मुलं कॉफी देत होती. मी प्यायलो आणि कप उपडा ठेवला. शेजारच्या माणसाने तो सुलटा केला, त्याला वाटलं चुकून पडला.

दोन महिन्यांनी त्यांचा मुलगा सालिम शेतावर आला. मस्कतला नोकरी करतो, स्वभावाने चांगला, मला चाचा म्हणतो. बंदुकीचा परवाना त्याने आपल्या नावावर करून घेतला होता. बरोबर दोन मित्र. ससे फार झालेत, आज उरकून टाकू, म्हणाला. बुधवार नव्हता. गाडीतून बंदूक घेऊन उतरला ती मिटलेली, खांद्यावर. मित्र फोनवर फोटो काढत होता. मी पंपाच्या खोलीपुढे बसलो होतो. माझा तिथला शेवटचा महिना, ट्रंक ह्या वेळी खरी भरलेली.

मी म्हटलं, "आधी कॉफी."

"आहे ना, चाचा," सालिम म्हणाला. थर्मास काढला, कागदी पेले काढले. आम्ही पाच आणि ते तिघे, सगळ्यांना दिली. बाकीचे प्यायले. मी पेला हातात धरून बसलो.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "चाचा, प्या ना. थंड होतेय."

"होऊ दे."

"सूर्य चाललाय."

"जाऊ दे."

मित्र हसले. सालिम नाही हसला. तो लहानपणी ह्या चटईवर बसलेला आहे. "काय पाहिजे तुम्हाला?"

"बंदूक उघड."

"रिकामी आहे, चाचा."

"मग उघडायला काय हरकत?"

त्याने उघडली. दोन्ही नळ्यांत पितळेची बुडं चमकत होती. गाडीत निघतानाच भरलेली असणार, आणि तो विसरला असणार. मस्कतपासून सूर, सूरपासून शेत, सगळ्या वाटेने ती त्या तिघांच्या मधे होती. फोटोवाल्याने फोन खिशात घातला. सालिमचा चेहरा बापासारखा आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. बांधावर बसले होते तेव्हाच्या बापासारखा.

मी डावा हात पुढे केला. म्हटलं, "इथे ठेव." त्याने दोन्ही काडतुसं माझ्या तळव्यावर ठेवली. वजन तेवढंच होतं.

"आता नावं," मी म्हटलं. एकेकाने सांगितली. हमदने, रफीकने, दोघा भावांनी, मित्रांनीही, शाळेत हजेरी देतात तशी. सालिमने आपलं सांगितलं. मग मी माझं सांगितलं, दोनदा. तोवर घासावर खजुरींची सावली पसरली होती आणि ससे बाहेर येऊन चरायला लागले होते.

सालिमने हळूच विचारलं, "चाचा, काडतुसं परत द्या ना. तुमच्याकडे ठेवायला कायदा नाही."

"माहीत आहे," मी म्हटलं. "कॉफी संपू दे."

आणि एक लहानसा घोट घेतला.